कासाराच्या सुनेच्या नेमाची कहाणी

बायांनो, पदर सावरून बसा, हातात चार अक्षता धरा आणि मध्येच उठू नका. चुलीवरचं उतू गेलं तर जाऊ द्या. आवडाईची कहाणी आहे, ती अर्धी ऐकू नये.

ऐक आवडाई, तुझी कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. त्याला चार वेशी होत्या, बारा आळ्या होत्या. त्यातली एक आळी कासारांची. तिथं एका कासाराचं घर होतं. घरात सासरा होता, सासू होती, कर्ता लेक नारबा होता, लग्नाला आलेली लेक गोदी होती, आणि सून होती. सुनेचं नाव द्वारकी. घर राजाचं नव्हतं, भिकाऱ्याचं नव्हतं, तुमच्या-आमच्यासारखं होतं. म्हणजे ताकात मीठ कुणी जास्त घातलं, माझा तांब्या कुणी उचलला, एवढ्यावरून तिथं सकाळ उजाडायची.

आता आवडाई कोण, ते ऐका. मूल जन्मलं की पाचवीला सटवाई येते, कपाळावर लिहून जाते, हे तुम्हांला ठाऊक आहे. तिच्या मागून सहाव्या दिवशी आवडाई येते, हे कुणी सांगत नाही. ती लिहीत नाही. ती मुलाची मूठ उघडते, तिच्यात एखादी आवड ठेवते, मूठ मिटते आणि निघून जाते. द्वारकीच्या मुठीत तिनं एकीच्या जागी तीन ठेवल्या. हात सैल सुटला म्हणायचा.

पहिली आवड सागरगोट्यांची. द्वारकी लग्न होऊन आली तेव्हा माहेरचे पाच सागरगोटे ओच्यात बांधून आणले होते. दुपारी जेवणं झाली, भांडी झाली, की ती ओसरीवर बसे. एक उडवी, चार उचली. दोन उडवी, तीन उचली. एवढी मोठी बाई, पण खेळताना जिभेचं टोक दातांत धरी.

दुसरी आवड बांगड्यांच्या रंगांची. सासरा म्हणे हिरवी, नारबा म्हणे हिरवी, सगळं नगर म्हणे हिरवी. द्वारकी लडी ओवायला बसली की म्हणे, ही कोवळ्या चिंचेच्या पाल्याची, ही विहिरीतल्या शेवाळाची, ही राघूच्या मानेची. गिऱ्हाईक बायका ऐकत राहत आणि एकाच्या जागी दोन डझन भरून घेत. तरी नारबाला वाटे, ही फार वेळ काढते.

तिसरी आवड सुगरणीच्या खोप्यांची. वेशीबाहेर विहीर होती, विहिरीवर बाभळ वाकली होती, बाभळीला खोपे लोंबत होते. द्वारकी घागर भरी, वर बघे आणि बघतच राही. कुठला खोपा अर्धा झाला, कुठल्याचं दार अजून राहिलं, कुठला सोडून दिला, सगळं तिला पाठ. घरी यायला उशीर व्हायचा. मग सासू म्हणायची, "पाणी आणायला गेली होतीस की विहीर खणायला?"

सासू वाईट होती असं मी म्हणत नाही. तिला दुपारी झोप लागत नसे, आणि लागली की ओसरीवर टकटक सुरू होई. सासऱ्याला खोकला होता, चार वर्षं जुना. तो खोकायचा, सासू कुशी बदलायची, ओसरीवर टकटक व्हायची. तिला खोकल्याला बोलता येत नव्हतं, म्हणून ती टकटकीला बोले. असं चाललं होतं. द्वारकीला एक मुलगी झाली. तिचं नाव छबी. ती पाळण्यात होती.

मग काय झालं? आषाढी एकादशी आली. आज देव निजतात, चार महिन्यांनी कार्तिकीला उठतात. तोवर माणसानं आपल्या आवडीची एक गोष्ट सोडायची असा त्या नगराचा रिवाज. सकाळी न्हाऊन सगळी तुळशीपुढं पाटावर बसली. सासूनं तळहातावर पळीभर पाणी घेतलं आणि म्हणाली, "मी वांगं सोडलं." वांग्यानं तिच्या अंगाला खाज सुटे, तिनं दहा वर्षांत वांगं खाल्लं नव्हतं. सासऱ्यानं पाणी घेतलं आणि दूध सोडलं. दूध त्याला पचत नव्हतं. नारबाची दाढ दुखत होती, त्यानं सुपारी सोडली. गोदीनं कारलं सोडलं. मग पळी द्वारकीकडं आली.

द्वारकीच्या माहेरी नेम खरा धरायचे. तिला वाटलं, आवडीची म्हणजे आवडीचीच. हीच तिची चूक. ती विचारात पडली. सासू म्हणाली, "एवढा विचार कसला? ती तुझी टकटक सोड की." द्वारकीला वाटलं, दुसरं काही म्हणावं. पण देवाच्या दारात खोटं कसं बोलायचं? तिनं तळहात पुढं केला. म्हणाली, "कार्तिकीपर्यंत सागरगोटे सोडले." पाणी तुळशीत पडलं.

मग श्रावण आला. सासऱ्याचा खोकला थांबला. भादवा गेला, आश्विन गेला, द्वारकीनं बोटांवर दिवस मोजले. कार्तिकी उजाडली. तिनं न्हाऊन पेटीतून सागरगोटे काढले, ओसरीवर बसली. आनंदानं पाचही ओंजळीत खुळखुळवले. तेवढ्यात सासू आली.

"द्वारके, काय करतेस?"

"सासूबाई, आज कार्तिकी. नेम फिटला."

"मामंजींचा खोकला कधी गेला?"

"श्रावणात."

"कशानं गेला?"

"वैद्यबुवांच्या अडुळशानं."

"अडुळसा चार वर्षं घेत होते. तेव्हा गेला नाही. तुझ्या नेमानं गेला. आता तू पुन्हा सुरू केलंस आणि खोकला परत आला, तर कुणाच्या माथी?"

माथी मारायला घरात आपलंच माथं आहे, हे द्वारकीला ठाऊक होतं. आत सासरा न खोकता शांत निजला होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग सागरगोटे पदरात बांधले, वेशीबाहेर गेली. विहिरीच्या वाटेवर आवडाईचं देऊळ होतं, बुटकं, दाराला कडी नाही. आत देवीच्या पायाशी ढीग होता. कुणाची अर्धी विणलेली झालर होती, कुणाची बासरी, कुणाची चित्राची फळी, कुणाच्या टिपऱ्या. सगळ्या बायांनी आणून ठेवलेल्या. द्वारकीनं आपले पाच त्यात ठेवले, नमस्कार केला, घरी आली. रात्री जेवताना सासू म्हणाली, "आज भाजी बरी झाली." असं ती कधी म्हणत नसे.

दुसरं वर्ष आलं. पुन्हा आषाढी, पुन्हा पाट, पुन्हा पळी. सासूनं वांगं सोडलं. सासऱ्यानं दूध सोडलं. नारबानं सुपारी सोडली. गोदीनं कारलं सोडलं. मग सगळ्यांनी द्वारकीकडं पाहिलं. गोदीचं लग्न जमत नव्हतं. तीन ठिकाणं येऊन परत गेली होती. सासू म्हणाली, "तुझ्या हाताला यश आहे. वन्संसाठी एवढं कर." नारबा म्हणाला, "ती रंगांची बडबड सोड. कामही लवकर उरकेल."

द्वारकीनं पाणी घेतलं. म्हणाली, "कार्तिकीपर्यंत रंगाला नाव देणार नाही." मग भादव्यात चौथं ठिकाण आलं आणि ठरलं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला. कार्तिकी आली. द्वारकीनं सासूला विचारलं, "आता म्हणू का?" सासू म्हणाली, "म्हण बाई. पण गोदीचं लग्न अजून लागायचं आहे. तिचं कमीजास्त झालं तर बघ." द्वारकीनं निरनिराळ्या हिरव्या बांगड्यांची एक लड घेतली, आवडाईच्या देवळात ठेवली, नमस्कार केला, घरी आली. पुढं गोदी लग्न होऊन सासरी गेली.

तिसरं वर्ष आलं. पुन्हा आषाढी, पुन्हा पाट, पुन्हा पळी. नारबाच्या मनात होतं, राजवाड्यात चुडा भरायला आपल्याला बोलावणं यावं. आळीतल्या दुसऱ्या कासाराला यायचं, याला नाही. पळी द्वारकीकडं आली. या खेपेला कुणाला काही सांगावं लागलं नाही. ती आपण होऊन म्हणाली, "विहिरीवर वर बघणार नाही." कार्तिकीपर्यंत, असं म्हणायची ती विसरली. नारबाच्या ते लक्षात आलं. त्यानं सांगितलं नाही.

मग दसऱ्याला राजवाड्यातून बोलावणं आलं. राणीनं नारबाकडून चुडा भरून घेतला. पालखीत बसून गेला नाही एवढंच, बाकी आळीत तसाच मिरवला. कार्तिकी आली तशी गेली. द्वारकीनं काही विचारलं नाही. विहिरीवर एक जुना खोपा वाऱ्यानं पडला होता. तिनं खाली बघतच तो उचलला, देवळात ठेवला, नमस्कार केला, घरी आली.

इथं आलं की माझा आवाज दर खेपेला चढतो. चढू दे. घरात सगळ्यांचं भलं झालं, आणि कुणालाही एकदा असं वाटलं नाही, की हिचं काय झालं ते बघू.

पुढं चार वर्षं गेली. द्वारकी नगरात नावाजली. बायका तिला नेमाची द्वारकी म्हणू लागल्या, नव्या सुना पाया पडू लागल्या. सासू चारचौघीत सांगे, "आमची द्वारकी म्हणजे देवमाणूस. काही म्हणजे काही लागत नाही हो तिला." खरंच लागत नव्हतं. भाजी कसली करू? कसलीही. जत्रेला यायचं का? चला म्हणाल तर. लुगडं कुठल्या रंगाचं घेऊ? कुठलंही. ती काम चोख करी, उलट बोलत नसे, पाणी वेळेवर येई. दुपारी ओसरीवर भिंतीला टेकून बसे. छबी खेळून दमून येई, आईच्या मांडीवर डोकं ठेवी आणि निजून जाई. द्वारकीचा हात तिच्या केसांतून फिरत राही. सवयीनं फिरे. त्याला आवड म्हणावं, असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एके दिवशी नारबा राजवाड्यातून घाईनं आला. हातात नव्या बांगड्यांची लड होती. म्हणाला, "अगं द्वारके, राणीसाहेबांना ही फार आवडली. विचारतात, ह्या रंगाला काय म्हणायचं? मला सांगता येईना. म्हटलं, घरी विचारून येतो."

द्वारकीनं लड उजेडाकडं धरली. उलटी केली, सुलटी केली, परत दिली. म्हणाली, "हिरवा."

"हिरवा तर मलाही दिसतो. तू पूर्वी कायकाय म्हणायचीस."

"काय म्हणायचे हो?"

ती चिडून म्हणाली नव्हती, टोमणा मारला नव्हता. तिला खरंच आठवत नव्हतं. नारबा तिथंच पायरीवर बसला. लड त्याच्या हातात तशीच राहिली. त्याला म्हणायचं होतं, नेम सोड, मी बघतो आईला. ते ओठांवर आलंही. तेवढ्यात आतून सासूनं हाक मारली, "नारबा, पानं वाढलीत," आणि तो उठून जेवायला गेला.

मग सातवा आषाढ आला. त्या महिन्यात राणीचा चुडा नेताना वाटेत दोन बांगड्या पिचल्या. राजवाड्यात कुणी काही बोललं नाही, पण सासूच्या मनानं घेतलं. म्हणाली, "जुने नेम शिळे झाले. यंदा नवा नेम पाहिजे." द्वारकी "बरं" म्हणाली.

एकादशीच्या आदल्या दिवशी, दशमीच्या दुपारी, घरातली माणसं निजली होती. छबी मांडीवर होती. दारात एक म्हातारी आली. अंगावर चिरगूट, हातात काठी, डोळे मात्र लहान मुलासारखे. म्हणाली, "माय, घोटभर ताक देतेस का?" द्वारकीनं छबीचं डोकं अलगद खाली ठेवलं, उठली, वाटीभर ताक आणलं, मीठ घालून दिलं. म्हातारी प्यायली. तोंड पुसलं. म्हणाली, "मी संतुष्ट झाले. काय हवं ते माग."

द्वारकी म्हणाली, "मामंजींना बरं असू दे."

म्हातारी म्हणाली, "ते आहे. तुझं माग."

द्वारकी म्हणाली, "ह्यांच्या धंद्याला बरकत असू दे."

म्हातारी म्हणाली, "ती आहे. तुझं माग."

द्वारकी उभी राहिली. तिला उद्धटपणा करायचा नव्हता, म्हणून तिनं मनापासून शोधलं. रिकाम्या रांजणात हात घालून तळ चाचपावा, तसं शोधलं. लुगडं? आहे. दागिना? कशाला? माहेर? आईवडील गेले. सुख? म्हणजे नेमकं काय मागायचं, ते कळेना. छबी पायाशी निजली होती, श्वास शांत चालला होता. जे हाताशी आहे, ते मागायचं कुणाला सुचणार? ती म्हणाली, "आजी, मला काही नको."

म्हातारीच्या हातातली वाटी खाली पडली. तिच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाली, "पोरी, मी आवडाई. तुझ्या मुठीत मी तीन ठेवल्या होत्या. मला तू फार आवडलीस म्हणून तीन. तिन्ही माझ्या पायाशी परत आल्या. मी मागितल्या होत्या का गं? तो खोकला मी थांबवला नाही. तो अडुळशानंच गेला. गोदीचं लग्न तिच्या गुणानं झालं. राणीचं बोलावणं तुझ्या नवऱ्याच्या हातातल्या कसबानं आलं. मी फक्त आवडी देते, मला घ्यायचं ठाऊक नाही. म्हटलं, एकदा जाऊन विचारू, तिनं एक जरी मागितलं तरी सगळं परत देऊ. पण जिला काही नको, तिला मी काय देऊ? मी एका माणसापाशी दोनदा येते. एकदा सहाव्या दिवशी आले, एकदा आज आले. तिसरी फेरी नाही."

असं म्हणाली आणि दारातून नाहीशी झाली.

द्वारकीनं वाटी उचलली, घासली, पालथी घातली. देवी येऊन गेली याचं तिला काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रडूही आलं नाही. ती उद्याच्या उपासाचे शेंगदाणे सोलत बसली.

दुसरा दिवस एकादशीचा. सगळी पाटावर बसली. सासूनं वांगं सोडलं. सासऱ्यानं दूध सोडलं. नारबानं सुपारी सोडली. पळी द्वारकीकडं आली. सासू म्हणाली, "बोल, नवं काय सोडतेस?"

द्वारकी म्हणाली, "सासूबाई, माझ्यापाशी सोडण्याजोगं काही उरलं नाही."

"असं कसं? माणसाला काहीतरी आवडतंच."

"शोधलं. नाही सापडलं."

सासू धास्तावली. ढोंग नव्हतं, ती खरंच घाबरली होती. म्हणाली, "घरात एकाचा तरी खरा नेम हवा गं. आम्ही सोडतो ते काय, आमचं आम्हांला ठाऊक आहे." सात वर्षांत हे तिनं पहिल्यांदा कबूल केलं. 

तेवढ्यात छबी उठली. सात वर्षांची पोर, न्हालेले केस पाठीवर, परकर सावरत आजीपुढं पाटावर येऊन बसली. म्हणाली, "आजी, मी सोडते. आईसारखी."

"तू काय सोडणार गं चिमुरडे? गूळ?"

"गूळ नाही. गूळ मला थोडाच आवडतो. आई सांगते, सोडायचं तर खरंखरं आवडीचं." छबीनं डोळे मिटून विचार केला. मग म्हणाली, "दुपारी आईच्या मांडीवर निजणं सोडते. मला सगळ्यांत तेच आवडतं."

"गुणाची गं माझी बाय!" सासू म्हणाली. तिचे डोळे भरून आले, तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, इवल्या तळहातावर पळी रिती केली. छबीनं हात कलता केला. पाणी तुळशीत पडलं.

आणि द्वारकीच्या छातीत काहीतरी उलटलं. सात वर्षं जिथं हात घातला तरी काही लागत नव्हतं, तिथं एकदम कळ उठली. तिला हवं झालं. मांडीवरचं ते ओझं हवं झालं, घामेजलेल्या केसांचा वास हवा झाला, मुंग्या आलेला पाय हवा झाला. ती ओरडली, "नको! छबे, नको!"

तिच्या तोंडून असा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. सासरा दचकला. सासू म्हणाली, "अगं, पाणी सुटलं. आता नको म्हणून कसं चालेल? पोरीच्या नेमाला अपशकुन करतेस?" नारबा खाली बघत राहिला.

द्वारकी उठली. पायात काही न घालता दाराबाहेर पडली, आळीतून धावली, वेशीतून धावली. विहिरीची वाट लागली, आवडाईचं देऊळ आलं. तिनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. म्हणाली, "आवडाई, मला हवंय. काल सापडलं नाही, आज सापडलं. बाकीचं सगळं ठेव तुझ्यापाशी. मला माझी लेक माझ्या मांडीवर हवी. एवढं एकच हवंय." एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली. देवी ऐकत होती. देवीला ऐकू येत होतं. पण ती आपला शब्द देऊन बसली होती, आणि दिलेला शब्द माणसाला मोडता येतो, देवाला येत नाही. दगडाची मूर्ती दगडाचीच राहिली.

द्वारकी परत आली, तेव्हा दुपार झाली होती. घर निजलं होतं. छबीनं ओसरीवर भिंतीशी आपली आपण चटई अंथरली होती. हाताची उशी करून ती पडली होती, पण निजली नव्हती. द्वारकी तिच्याशेजारी जाऊन बसली, मांडी घातली, मांडीवर हात थोपटला. हलकेच म्हणाली, "ये गं. कुणी बघत नाही."

छबीनं मान हलवली. तिला यावंसं वाटत होतं, पण ती आली नाही. खालचा ओठ दातांत धरून म्हणाली, "चारच महिने गं आई. कार्तिकीला येईन मी."

कार्तिकी कशी येते, ते द्वारकीला ठाऊक होतं. तिनं पोरीच्या अंगावर पांघरूण घातलं आणि मांडी तशीच घालून बसून राहिली.

बायांनो, आवडाई तिच्या दारी आली तेव्हा तिच्यापाशी मागणं नव्हतं. मागणं आलं तेव्हा आवडाई येऊन गेली होती. अशी वेळ वैऱ्याच्या सुनेवरही न येवो. आवडाई तुमच्या-आमच्या दारी येवो, "माग" म्हणो, आणि त्या घटकेला तुम्हांला काहीतरी हवं असो. साठां उत्तरांची कहाणी पाचांत आटोपली. संपूर्ण झाली. द्वारकीला ती सुफळ झाली नाही, ऐकणारीला होवो. अक्षता वाहा, आणि लेकीबाळींना जवळ घेऊन बसा.